शाळा कुणाची घ्यायची?

भाची : चार वर्षांच्या पोराला आपण पढवतो, ‘नाही म्हण, ओरड, पळ, आईला सांग.’ चाळीस वर्षांच्या बाप्याला काय पढवतो? काहीच नाही. सगळा भार त्या चिमुरड्याच्या डोक्यावर, आणि आपण मोकळे.

मामा : बाप्याला शिकवायला कायदा आहे की. पोक्सोचं कलम ६ काढून वाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान वीस वर्षं, आणि वर थेट फाशीपर्यंत. याहून स्पष्ट काय सांगायचं त्याला?

भाची : ते गुन्हा झाल्यावर. मी आधीचं विचारतेय.

मामा-भाचीची ही जोडी मी लेखासाठी उभी केली आहे. मामा निवृत्त सरकारी वकील, जिल्हा न्यायालयात पोक्सोचे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचे, खटले चालवलेले. भाची पुण्यात मानसशास्त्रज्ञ, मुलांबरोबर काम करते. एका शाळेनं तिला पालकसभेत बोलायला बोलावलंय, म्हणून ती मामांकडे कायद्याची बाजू समजून घ्यायला आली आहे. माणसं कल्पित असली तरी त्यांचे मुद्दे कल्पित नाहीत. कोर्टाच्या व्हरांड्यात एक सूर ऐकू येतो, समुपदेशनाच्या खोलीत दुसरा, आणि ते एकमेकांच्या कानावर फारसे पडत नाहीत. म्हणून दोघांना समोरासमोर बसवलं.

मामा : आधीचं म्हणतेस तर बदलापूर घे. ऑगस्ट २०२४. शिशुवर्गातल्या दोन मुली, आणि शाळेतलाच सफाई कर्मचारी. लोक रुळांवर उतरले, तासन्‌तास लोकल बंद. मागणी एकच, फाशी द्या. त्या रागाला मी नावं ठेवणार नाही. पण त्याआधी त्या मुलींच्या घरचे पोलीस ठाण्यात ताटकळत बसले होते, तेव्हा तिथं कुणी नव्हतं. पुढे सप्टेंबरात आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मेला. काहींनी फटाके फोडले. मी वकील माणूस. मला दिसलं ते एवढंच, की त्याच्यावरचा खटला उभाच राहिला नाही. साक्षीपुरावा नाही, निकाल नाही, काही नाही.

भाची : आणि त्यानंतर सरकारनं काय केलं? सीसीटीव्ही बसवा, तक्रारपेटी ठेवा, सखी सावित्री समिती नेमा. मुलांच्या सुरक्षेसाठीची ही समिती चांगली आहे हो, कागदावर २०२२ पासून आहे. पण तक्रारपेटी? शिशुवर्गातलं पोर चिठ्ठी लिहून पेटीत टाकणार?

मामा : मोठ्या वर्गातली टाकतात. अगदीच टर उडवू नकोस.

भाची : टर नाही उडवत. कॅमेरा व्हरांड्यात असतो. मूल शाळेत असतं सहा तास. उरलेला वेळ घरात, शेजारात, शिकवणीला, लग्नघरात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचेच आकडे सांगतात, की पोक्सोखालच्या गंभीर प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी मुलाच्या ओळखीतला असतो. तिथं कुठला कॅमेरा लावणार?

मामा : ते मला कुणी सांगायला नको. नेहमीचा प्रसंग सांगतो. एका खटल्याचा नाही, कैक खटल्यांचा. आरोपी दीर, फिर्याद आईनं दिलेली. आरोपपत्र दाखल होतं. कायदा म्हणतो, दखल घेतल्यापासून शक्यतो वर्षाच्या आत निकाल लावा. तारखा म्हणतात, बघू. तेवढ्यात सासू जेवण सोडते. नवरा म्हणतो, माझ्या भावाला फासावर चढवतेस काय? मग एक दिवस ती बाई साक्षीला उभी राहते आणि म्हणते, ‘मला काही आठवत नाही. पोलिसांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही.’ मग मी न्यायाधीशांना विनंती करायची, साक्षीदार फितूर जाहीर करा. आणि मीच तिची उलटतपासणी घ्यायची, जिला आदल्या संध्याकाळी चहा पाजून धीर दिला होता.

भाची : म्हणजे शिक्षा जितकी मोठी, तितकं घर जास्त घाबरतं.

मामा : हे मी तुझ्या बाजूनं बोलत नाहीये, ध्यानात ठेव. शिक्षा मोठी असण्यापेक्षा ती नक्की होणं आणि लवकर होणं महत्त्वाचं, एवढंच म्हणतोय. पण शिक्षा हवीच. आणि अजून एक. पोक्सोच्या ढिगात सगळं एकाच जातीचं नसतं. आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधल्या विशेष न्यायालयांचे ७,०६४ निकाल बंगळुरूच्या एका संस्थेनं अभ्यासले, त्यातला जवळपास चौथा हिस्सा प्रेमप्रकरणांचा निघाला. सतरा वर्षांची पोर पळून गेली, बापानं फिर्याद दिली. तेही आमच्याच फायलींत, आणि सहा वर्षांच्या पोरीचंही आमच्याच फायलींत. त्या गर्दीत सहा वर्षांची पोर मागे पडते.

इथं मामांचं पारडं मला जड वाटतं. शिक्षा वाढवण्याचं विधेयक अधिवेशनात चटकन मंजूर होतं. न्यायाधीश, वकील, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे अहवाल हे सगळं वेळेवर मिळायचं तर पैसा लागतो, आणि त्याच्या बातम्या होत नाहीत.

भाची : बरं, शिक्षणाकडे येऊ. २००७ साली याच महाराष्ट्रात शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम विधिमंडळात गदारोळ होऊन थांबला. चित्रं अश्लील आहेत, मुलं बिघडतील. त्याच वर्षी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा अहवाल आला. तेरा राज्यांतली १२,४४७ मुलं. त्यातल्या ५३ टक्क्यांनी सांगितलं, आमच्याबाबत कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झालाय. त्यात मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच. आणि बहुतेकांनी तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

मामा : हे आजचं नाही. र. धों. कर्व्यांनी लैंगिक शिक्षणासाठी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. १९३४ च्या खटल्यात तर बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी हरले. पण माझा आक्षेप संस्कृतिरक्षकांचा नाही, वकिलाचा आहे. तुमच्या कार्यशाळेत मुलीला अवयवांची नीट नावं शिकवतात. ती कोर्टात तेच बोलली की बचावाचा वकील उठतो, ‘साहेब, ही पोरीची भाषा नव्हे. पढवून आणलंय.’

भाची : आणि शिकवलेलं नसलं तर ती म्हणणार, ‘त्यांनी तिकडे हात लावला.’ मग तोच वकील विचारणार, तिकडे म्हणजे कुठे? पाठीला?

मामा : विचारतो, खरंय. शिवाय जबाब लिहिणारा हवालदार त्या ‘तिकडे’चं काय करतो माहितेय? ‘माझे मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले.’ सहा वर्षांची पोर असं बोलेल का कधी? जबाब मुलाच्या तोंडच्या शब्दांत घ्यायचा, मुलाला सोयीच्या जागी जाऊन घ्यायचा, अंगावर गणवेश नको, शक्यतो महिला अधिकारी हवी. हे कायद्यात आहे, कलम २४ आणि २६. कोर्टात प्रश्न विचारायचे तेही न्यायाधीशांच्या मार्फत, आणि आरोपी मुलाच्या नजरेला पडता कामा नये. कुठं पाळतात, कुठं नाही.

भाची : म्हणजे शाळा हवालदाराचीही घ्यायला हवी.

मामा : हवालदाराची, डॉक्टरची, वकिलांची. यावर माझं दुमत नाही.

भाची : मग माझा खरा मुद्दा ऐका. डेव्हिड फिंकेलहोर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये एक मांडणी केली. अत्याचार घडायचा तर चार गोष्टी ओळीनं घडाव्या लागतात. आधी त्या माणसाच्या मनात ते यावं लागतं. मग त्याचं स्वतःचं मन त्याला आडवं येतं, ते त्यानं गप्प करावं लागतं. दारू असते, ‘तिला काय कळतंय’ असतं, ‘मी लाडच करतोय’ असतं. तिसरं म्हणजे आजूबाजूची राखण ढिली असावी लागते. आई आजारी, बाप परगावी, घरात कुणाचं लक्ष नाही. आणि सगळ्यांत शेवटी येतो मुलाचा विरोध. आपण शाळाशाळांतून जे शिकवतो, ते सगळं या चौथ्या पायरीवर. पहिल्या तिन्ही मोकळ्या.

मामा : चौथ्या पायरीवर तरी उपयोग होतो का?

भाची : होतो, पण किती, ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१५ मध्ये शाळांतल्या अशा कार्यक्रमांवर कॉक्रेन या संशोधन संस्थेचा आढावा आला. २४ चाचण्या, ५,८०२ मुलं. मुलांची माहिती वाढते, काही महिने टिकतेही. मुलं त्यानं भेदरून जात नाहीत. आणि ज्यांच्याबाबत आधीच काही घडलेलं असतं, ती बोलण्याची शक्यता वाढते. ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्यामुळे अत्याचार प्रत्यक्ष कमी झाले का, हे त्यातून सिद्ध झालेलं नाही. मुंबईत ‘अर्पण’सारख्या संस्था २००६ पासून या कामात आहेत, त्या मुलांबरोबर पालकांना आणि शिक्षकांनाही बसवतात, ते याचसाठी. बाकी ठिकाणी काय होतं? पाचवी ते सातवीचे वर्ग एकत्र, माईकवर चाळीस मिनिटं ‘गुड टच, बॅड टच’, फोटो, आभारप्रदर्शन. गंडा बांधल्यासारखं.

मामा : मुलं विचारतात का काही?

भाची : विचारतात. एका वर्गात मी सांगत होते, कुणी असं वागलं तर आईला सांगायचं. एक मुलगा उठला. ‘ताई, पण तो मामा असला तर? आईचा भाऊ?’ वर्ग हसला नाही. सगळे माझ्याकडे बघत राहिले.

मामा : मग काय सांगितलंस?

भाची : एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग. आत्याला सांग, वर्गशिक्षिकेला सांग, मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला फोन कर. आईनं विश्वास ठेवला नाही तर त्यात तुझी चूक नाही. सांगताना मला कळत होतं, दहा वर्षांच्या पोराला मी मोठ्यांच्या नाकर्तेपणाची यादी देतेय. तो प्रश्न त्याच्या आईनं ऐकायला हवा होता. आणि मामानंही.

मामा यावर काही बोलले नाहीत. त्यांनी बोललेच पाहिजे असं मलाही वाटलं नाही. मामा म्हणजे हक्काचा माणूस, सुट्टीतलं घर, न मागता मिळणारा खाऊ. ज्याच्यावर घर डोळे झाकून विसंबतं, त्याच्याच बाबतीत मुलाची जीभ जड होते. शाळेच्या तक्त्यावर राक्षसासारखा दिसणारा अनोळखी माणूस काढतात, तो मुलाच्या काही कामाचा नाही.

मामा : पालकांना नेमकं काय सांगणार आहेस?

भाची : पहिली गोष्ट, पापी. पाहुणे येतात, पोर दाराआड लपतं. आपण हाताला धरून ओढत आणतो, ‘काकांना पापी दे बघू, शहाणं ना माझं बाळ!’ ते मान फिरवतं, आपण हसतो. काका गालाला गाल घासतात, पोर रडतं, सगळे अजून हसतात. ‘नको’ म्हटलं तरी काही उपयोग नसतो, हे आपण त्याला दोन वर्षांचं असल्यापासून घरात शिकवतो. आणि शाळेनं त्याला ‘नाही म्हणायला’ शिकवावं अशी अपेक्षा करतो.

मामा : आजी-आजोबा रुसतील.

भाची : रुसू देत. नमस्कार करायला सांगा. त्याला कुणाची ना नाही.

मामा : बरं, दुसरं?

भाची : दुसरं, मूल सांगतं तो पहिला क्षण. आई घाबरून म्हणते, ‘तू तिथं गेलीसच कशाला?’ किंवा ‘कुणाला सांगितलं नाहीस ना?’ झालं. मुलाला कळतं, चूक आपली आहे. हे मूल पुढे किती सावरेल, याचा मोठा भाग घरच्या माणसांनी विश्वास ठेवला की नाही, यावर ठरतो. ‘सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही. आता मी बघते.’ एवढी तीन वाक्यं पालकांकडून मोठ्यानं म्हणून घेणार आहे मी. लाजतील, पण म्हणून घेणार.

मामा : त्यात माझी भर घाल. पोराला दहा जणांसमोर दहा वेळा विचारू नका, काय झालं म्हणून. कपडे धुऊ नका. दवाखान्यात जा. आधी एफआयआर आणा असं कुणी म्हटलं तर ते बेकायदेशीर आहे, उपचार नाकारता येत नाहीत. बाल कल्याण समितीकडून मुलाला साहाय्यक व्यक्ती मिळते, ती खटला संपेपर्यंत सोबत असते, ती मागून घ्या. आणि पीडितांसाठी सरकारची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. पैसे मिळतात एवढंच लोकांना ठाऊक, समुपदेशनही त्यात धरलेलं आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं.

भाची : धरलेलं आहे, पण करणार कोण? देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. तालुक्याला तर मुलांबरोबर काम करणारा माणूस सापडत नाही. मग फायलीत नोंद पडते, ‘पीडितेचे समुपदेशन करण्यात आले.’ अर्धा तास. मुलाला रात्री दचकून जाग येते, ते शाळेत जायला मागत नाही, अंथरूण ओलं करतं. यासाठी उपचार आहेत, चांगले आहेत, पण आठवड्याला एक बैठक असे काही महिने चालतात आणि त्यात आईलाही बसावं लागतं. रोजंदारीवर जाणारी आई किती दिवस सुट्टी काढेल?

मामा : आणि उपचार झाले नाहीत तर तीच मुलं पुढे हेच करतात.

भाची : मामा, हे पालकसभेत बोलू नका. ज्यांनी सोसलं त्यांतली बहुतांश माणसं आयुष्यात कधीही असं करत नाहीत. या एका समजुतीनं किती मुलग्यांची तोंडं बंद केलीत! ‘सांगितलं तर लोक माझ्याकडेच संशयानं बघतील.’

मामा : कोर्टात बचाव असाच करतात, ‘साहेब, याच्यावरही लहानपणी…’ म्हणून म्हटलं. नाही बोलणार.

भाची : आणि मुलग्यांचा अजून एक विषय राहून जातो. फिंकेलहोर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या पोलिसांच्या नोंदी तपासल्या. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत एक-तृतीयांशाहून जास्त आरोपी स्वतःच अल्पवयीन होते. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा, हातात मोबाइल, घरात सहा वर्षांची चुलतबहीण, आणि त्याच्याशी या विषयावर उभ्या जन्मात कुणी बोललेलं नाही. त्याला राक्षस ठरवणं सोपं आहे. पण या वयात वेळेवर मदत मिळाली तर बहुतेक मुलं पुन्हा तसं करत नाहीत. बदलापूरनंतर मुंबई उच्च न्यायालयही म्हणालंच, मुलग्यांना लहानपणापासून शिकवा.

मामा : इथपर्यंत तुझ्याबरोबर आहे. पोर आहे, सुधारेल. पुढचं काय ते बोल. ते बर्लिनचं.

इथून आवाज चढले.

भाची : बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात २००५ मध्ये एक प्रकल्प सुरू झाला. ज्यांना लहान मुलांचं लैंगिक आकर्षण वाटतं, आणि आपल्या हातून काही होईल याची भीती वाटते, अशांनी स्वतःहून यावं म्हणून. जाहिराती केल्या, उपचार मोफत, नाव गुप्त. स्वीडनमध्ये २०१२ पासून अशीच हेल्पलाइन आहे. आणि लांब कशाला जाता, आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानं शारिटेच्या सहकार्यानं हे काम इथं सुरू केलं.

मामा : म्हणजे त्याला गोंजारायचं? सहा वर्षांच्या पोरीकडे तसल्या नजरेनं बघणाऱ्याला कोचावर बसवून विचारायचं, ‘तुम्हाला कसं वाटतंय?’

भाची : नजर त्यानं निवडलेली नसते, कृती तो निवडतो. मला त्याच्या कृतीच्या आधी त्याला गाठायचंय. आणि एक सांगते, मुलांवर अत्याचार करणाऱ्यांतल्या अनेकांना असं खास आकर्षण नसतंही. मूल हाताशी असतं, ते बोलणार नाही याची खात्री असते, म्हणून करतात. त्यांच्यासाठी तुमचा कायदा आणि घरातली राखण. पण ज्यांना ते असतं, त्यांना वयात येतानाच कळतं. पंधरा-सोळाव्या वर्षी. मग तो मुलगा कुणाकडे जाणार?

मामा : गुण येतो का?

भाची : आकर्षण पुसलं जाईल असं कुणी शहाणा माणूस सांगणार नाही. त्यावर ताबा ठेवणं, मुलांपासून अंतर राखणं, एकटेपणा आणि दारू हाताळणं, हे शिकवता येतं. औषधंही आहेत. स्वीडनमध्ये ५२ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, टेस्टोस्टेरॉन उतरवणाऱ्या औषधानं दोन आठवड्यांत धोका मोजणारे गुण खाली आले. बर्लिनच्या उपचारांचा परिणाम मात्र माफक दिसला, आणि २०१९ मध्ये टीकाकारांनी तेच आकडे पुन्हा तपासून म्हटलं, गुन्हे कमी झाल्याचं यातून सिद्ध होत नाही.

मामा : मग?

भाची : मग अजून करून बघायचं आणि मोजायचं. फाशीनं गुन्हे कमी झाले हे तरी कुणी सिद्ध केलंय?

या वादात एक तारीख मला डोळ्यांआड करता येत नाही. २३ सप्टेंबर २०२४. बदलापूरचा आरोपी गोळीबारात मारला गेला तो हाच दिवस. आणि याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयानं मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींबद्दलचा निकाल दिला, की त्या जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतो. त्याच निकालात न्यायालयानं सर्वंकष लैंगिक शिक्षणाची सूचना केली, पीडितांना आधार द्या म्हटलं, आणि गुन्हेगारांसाठी समुपदेशन-उपचारांचीही गरज मांडली. दुसऱ्या दिवशी चौकाचौकांत चर्चा कशाची होती, ते सांगायला नको.

मामा : निकाल वाचलाय मी. पण तुझी खरी अडचण त्यात नाही, कलम १९ मध्ये आहे. गुन्हा झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवलंच पाहिजे, डॉक्टर असो, वकील असो, शेजारी असो. तुझ्या खोलीत बसून एखादा म्हणाला, माझ्या हातून पुतणीच्या बाबतीत असं झालंय, तर?

भाची : कळवणार. त्याला पहिल्याच भेटीत सांगून ठेवते, घडलेलं सांगितलंस तर मला गप्प बसता येणार नाही. जर्मनीत उपचार करणाऱ्याला गुप्तता पाळायची मुभा आहे, आपल्याकडे नाही. आणि खरं सांगू, मला ती मुभा नकोही आहे. त्या पुतणीच्या बाजूनं कुणीतरी उभं राहायला हवं.

मामा : चला, एवढं तरी. पण कलमात अजून आहे. गुन्हा ‘घडण्याची शक्यता’ वाटली तरी कळवा, असं म्हटलंय.

भाची : तेच तर! कुणी म्हणालं की मला भीती वाटते, केलेलं काही नाही, तरी मी पोलिसांना फोन करायचा? मग दुसरा कोण येईल?

मामा : थांब, पूर्ण वाच. कलम १९ मध्ये शक्यता आहे. पण न कळवल्याची शिक्षा कलम २१ मध्ये आहे, आणि तिथं शब्द आहेत गुन्हा ‘घडल्याचं’ न कळवल्याबद्दल. म्हणजे कर्तव्य दोन्हींचं, शिक्षा एकाच गोष्टीची. ही फट आहे, तुला हवी तर दार म्हण. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम २३. रुग्णाची माहिती गुप्त, पण दुसऱ्याला इजा होण्यापासून वाचवायचं असेल तर तेवढ्यापुरती सांगता येते.

भाची : म्हणजे त्याच्या घरात लहान मूल असेल तर मी त्याच्या बायकोशी बोलू शकते. त्याला दुसरीकडे राहायला सांगू शकते. हे मी करतेच. तो तयार झाला नाही, तर पोलीस.

मामा : आणि तो तुझ्याशी खोटं बोलला तर? ‘केलेलं काही नाही’ म्हणाला आणि केलेलं असलं तर?

भाची : तर मी फसले. न आलेल्या माणसाच्या बाबतीत मी रोज फसतेच आहे, फक्त मला कळत नाही.

मामा : हे मला पटत नाही. तू फसलीस तर किंमत पोर मोजणार. केलेल्याला कोर्ट, न केलेल्याला दवाखाना, ही वाटणी ऐकायला बरी. पण कोण कुठला, हे ठरवायला तुझ्याकडे त्याच्या शब्दापलीकडे काय आहे?

भाची : तुमच्याकडे काय आहे? फितूर झालेली आई.

मामा : …पुढे बोल. पालकसभेत यातलं किती सांगणार?

भाची : सगळं.

मामा : बर्लिन सांगू नकोस. निम्मे उठून जातील, आणि उरलेले विचारतील की तू कुणाच्या बाजूची.

भाची : म्हणजे पहिली पायरी पुन्हा सोडून द्यायची.

मामा : सोडू नकोस. १४४१६ फळ्यावर लिही. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, कुणीही फोन करू शकतो. ‘स्वतःच्या मनातल्या विचारांची भीती वाटत असेल, तर इथं फोन करा.’ एवढंच सांग. ज्याला कळायचं त्याला कळेल. सूचनेचा कागद आणलायस ना? दाखव. ‘माता-पालक सभा’? हे काय?

भाची : शाळेनंच छापलंय तसं. येतात आयाच.

मामा : खोड ते. सगळी शाळा आयांचीच घ्यायची का? ‘वडील, काका, मामा, आजोबा यांनी यावे,’ असं घाल.

भाची : मंगळवारी दुपारी तीन वाजता कोण पुरुष येणार आहे, मामा?

मामा : मग रविवार घे, सकाळी दहाची वेळ. आणि आधी बघून ठेव, त्या दिवशी भारताची मॅच नाही ना.